पेटींतला वारा

बिरसी हें आमचें गांव गोंदिया शहरापासून दहा-बारा किलोमीटरांवर आहे. ज्यांनीं हें नांव ऐकलें असेल त्यांनीं तें बहुधा विमानतळामुळें ऐकलें असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें येथें धांवपट्टी बांधली. अलीकडे तेथें राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आली, आणि हवा चांगली असली म्हणजे होतकरू वैमानिकांचीं लहान विमानें आमच्या छपरांवरून घिरट्या घालूं लागतात. परगांवच्या पाहुण्याला तो आवाज असह्य होतो. आम्हांला तो ऐकूंही येत नाहीं. परंतु आमच्या घरांतील एका वयोवृद्ध माणसाची झोंप ज्या आवाजानें उडविली तो आकाशांतून आलेला नव्हता. तो माजघरांतल्या एका पत्र्याच्या पेटींतून, तळहाताएवढ्या पंख्यांतून येत होता.

ही पेटी म्हणजे माझ्या पुतण्याचा संगणक. तो घरांत आला तो खेळासाठीं नव्हे. आमच्याकडे चार पिढ्यांचे कागद आहेत: पोथ्या, मोडी लिपींतील रुमाल, वंशावळी. शिवाय ज्यांना कागद म्हणतां येणार नाहीं अशीं कांहीं ध्वनिमुद्रणेंही होतीं. माझी आई जात्यावरच्या ओव्या आणि पहांटेच्या भूपाळ्या म्हणे. १९९१ सालीं माझ्या धाकट्या भावानें टेपरेकॉर्डर आणून तिच्या आवाजानें सात कॅसेटी भरल्या. पुढें पांच वर्षांनीं ती गेली. कॅसेटींना बुरशी धरूं लागली तेव्हां पुतण्यानें त्या एकेक करून संगणकांत उतरविल्या, आणि पोथ्यांचीं छायाचित्रें, रुमाल, आईचा आवाज हें सगळें मावावें म्हणून पेटींत एकावर एक अशा चार हार्ड डिस्का बसविल्या. कॅसेटी मग टाकून दिल्या. त्या टाकल्या याची चुटपुट आजही वाटते.

घरांतील वडील मंडळींसाठीं हार्ड डिस्क म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. बंद डबींत साडेनऊ सेंटिमीटर व्यासाच्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्या बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत अखंड फिरतात. ७२०० फेरे म्हटले तर तबकडीच्या कडेचा वेग ताशीं सव्वाशे किलोमीटरांच्या वर जातो. आमच्या गोंदियाहून मुंबईस जाणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसचा सरासरी वेग याहून कितीतरी कमी आहे. या फिरत्या तबकडीवर वाचणारी सुई टेकत नाहीं. ती केसाच्या जाडीच्या हजारों पट कमी अंतरावर तरंगते. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिलें असें यंत्र विकावयास काढलें तेव्हां त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवजड सरंजामांत अक्षरें मावत सुमारें पन्नास लाख. आज एका डबींत त्याच्या लाखों पट मजकूर राहतो. मात्र फिरणें सुटलेलें नाहीं, आणि जेथें फिरणें आहे तेथें ऊन होणें आलेंच. एक डिस्क काम करतांना सहा ते दहा वॉट उष्णता सोडते. चार डिस्का पत्र्याच्या एका चौकटींत बोटभराच्याही आंतल्या फटी ठेवून रचल्या म्हणजे मधल्या दोघींची गत गर्दीच्या डब्यांतील प्रवाशासारखी होते. या चौकटीला मुलें पिंजरा म्हणतात. शब्द चांगला आहे. मीं तोच ठेवतों.

पिंजऱ्याच्या तोंडाशीं ८० मिलिमीटरांचा पंखा होता. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण एकसुरी होता. नाकांतून निघाल्यासारखा, कधीं न थांबणारा. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतों, ते त्या वेळीं नव्वदीच्या पुढें होते व माजघरांतच निजत. पेटी दुसरीकडे न्यावी असें भावजय म्हणे. परंतु माडीवर पत्र्याखालीं वैशाखांत हात ठेववत नाहीं, पडवींत पावसाची ओल येते, आणि कूलरचा वारा पोंचतो तो माजघरांतच. म्हणून अण्णा आणि पेटी हे दोघे शेजारी झाले. अण्णा तक्रार करणारे नव्हत. रात्रीं दोन वाजतां उठून ते खाटेवर बसून राहत, आणि विचारलें तर "झोंप झाली" म्हणत.

एके रात्रीं मीं पेटीचें दार उघडलें आणि पिंजऱ्यापुढच्या पंख्याची तार उपटली. सकाळीं पुन्हां लावावी असें मनांत होतें. पहिले कांहीं दिवस लावलीही. पुढें मग राहून गेलें. अण्णा गाढ झोंपूं लागले आणि मला स्वतःच्या युक्तीचें कौतुक वाटूं लागलें.

सूर्य रोहिणी नक्षत्रांत गेला कीं आमच्याकडे नवतपा सुरू होतो. मेच्या अखेरच्या त्या नऊ दिवसांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसावर जाणें हें विदर्भांत नवल नव्हे. त्या नवतप्यांत दुपारची वीज गेली म्हणजे कूलर बंद पडे, आणि बॅटरीवर संगणक मात्र चालू राही. पांचव्या दिवशीं वरून दुसरी डिस्क टक् टक् करूं लागली व संध्याकाळीं मुकी झाली. एका मोठ्या शहरांत अशा मेलेल्या डिस्कांतून मजकूर काढून देणारे लोक असतात. तिकडे ती पाठविली. महिन्यानें परत आली. सुई तबकडीवर टेकून ओरखडे पडले होते, कांहीं निघण्यासारखें उरलें नव्हतें. सातांपैकीं पांच कॅसेटींची दुसरी प्रत होती. शेवटच्या दोन पुतण्यानें नुकत्याच उतरविल्या होत्या. त्यांची प्रत करावयाची राहिली होती. जात्यावरच्या ओव्या त्या दोहोंतच होत्या.

अण्णांना सांगणें भाग होतें. ऐकून ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग विचारलें, "पंख्याची तार कोणीं काढली?"

"मीं काढली, अण्णा."

"माझ्या झोंपेसाठीं?"

"हो."

त्यांनीं भिंतीकडे तोंड केलें. दुसऱ्या दिवशीं संध्या आटोपल्यावर त्यांनीं नातवाला जवळ बोलाविलें व म्हणाले, "बाळ, आवाज न करणारा पंखा नसतोच का?"

"असतो आजोबा, पण तो मोठा असतो. आपल्या पेटींतल्या पिंजऱ्यापुढें मावत नाहीं."

"मग पिंजरा कापा."

या एका वाक्यावर पुढचें सारें घडलें. पण त्याआधीं एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. डिस्क उष्णतेनेंच गेली असें मला छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. गूगल कंपनीच्या तीन संशोधकांनीं २००७ सालीं आपल्या कंपनींतील एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत नेहमींच्या तापमानांत, डिस्क जितकी ऊन तितकी लवकर मरते असें कांहीं आढळलें नाहीं. उलट फार थंड ठेवलेल्याही पुष्कळ गेल्या. मात्र अति उष्णतेच्या टोंकाला, आणि तीन वर्षांहून जुन्या झालेल्या डिस्कांत, ऊन लागल्याचा परिणाम दिसला. आमची डिस्क सहा वर्षांची होती. प्रत्येक डिस्क आपलें तापमान स्वतः मोजते व १९४ क्रमांकाच्या नोंदींत तें सांगते. पुतण्याच्या संगणकांत या नोंदी रोज जमा होत. मागाहून त्या उघडून पाहिल्या. तार काढल्यापासून आंकडा चढत गेला होता व शेवटच्या आठवड्यांत तो ५९ अंशांवर टेकला होता. बहुतेक कारखानदार ६० अंशांची मर्यादा घालतात. तेव्हां शंकेचा फायदा आरोपीला द्यावा हा न्याय मला माहीत असला, तरी या खटल्यांत तो स्वतःसाठीं मागण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

आतां मोठा पंखा शांत कां, हें पाहूं. संस्कृतांत पंख्याला तालवृन्त म्हणतात. ताडाच्या एका रुंद पानाचा तो पंखा. आजी तो हातांत धरून अगदीं सावकाश हलवी आणि निजलेल्या मुलाला वारा लागे. जुन्या कचेऱ्यांतून छताला टांगलेला कापडी पंखा असे. बाहेर ओसरीवर बसलेला माणूस दोरी ओढी, आणि सगळी कचेरी थंड होई, तरी साक्षीदाराचा शब्द न्यायाधीशाला ऐकूं येई. रुंद वस्तु हळू हलविली तरी पुष्कळ वारा हलतो, एवढें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. यंत्रशास्त्रानें त्याला गणित दिलें. फिरत्या पंख्याचा वारा फेऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणांत वाढतो, पण व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. ८० मिलिमीटरांच्या जागीं १२० मिलिमीटरांचा पंखा घेतला तर व्यास दीडपट होतो आणि दिडाचा घन ३.३७५ भरतो. म्हणजे लहान पंखा मिनिटाला २५०० फेरे घेऊन जितका वारा देतो तितका मोठा पंखा अवघ्या ७४० फेऱ्यांत देईल. लहान पंख्याच्या पात्याचें टोंक सेकंदाला साडेदहा मीटर वेगानें हवा कापतें. मोठ्याचें पांच मीटरांच्याही आंत.

आवाज मुख्यतः या टोंकाच्या वेगांतून जन्मतो. शंका असल्यास आमच्या धांवपट्टीजवळ उभे राहावें. लहान विमानाचा पावणेदोन-दोन मीटरांचा पंखा मिनिटाला सवादोन-अडीच हजार फेरे घेतो तेव्हां त्याचें टोंक ताशीं आठशें किलोमीटरांच्या आसपास धांवत असतें. आपण ऐकतों ती किंकाळी बरीचशी त्या टोंकाची असते. फेरे वाढले कीं आवाजाची शक्ति सुमारें त्यांच्या पांचव्या घातानें वाढते, असा पंखे करणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. मोठ्या व्यासामुळें जो थोडा आवाज वाढतो तो वजा घालूनही, वरच्या उदाहरणांत हिशेबानें चौदा डेसिबल कमी होतात. आणि दहा डेसिबल उतरले म्हणजे कानाला आवाज निम्मा वाटतो. ज्यांना गाण्याचा नाद आहे त्यांच्यासाठीं आणखी एक गंमत. सात पात्यांच्या पंख्याचा मूळ स्वर या बदलानें सुमारें पावणेदोन सप्तकें खालीं उतरतो. इतक्या खर्जांतील हलका आवाज कानाला फारसा जाणवत नाहीं.

एवढें समजल्यावर मला वाटलें, काम सोपें आहे. मोठा पंखा आणावा, पिंजऱ्यासमोर बांधून टाकावा. पुतण्यानें तसा तो सुतळीनें बांधलाही. वारा हाताला लागत होता, आवाज नव्हता. पण दोन तासांनीं पाहावें तों डिस्का पूर्वीइतक्याच ऊन! मग मीं देवघरांतून उदबत्ती आणली व पंख्याच्या मागें धरली. धूर पंख्यांत शिरला, पिंजऱ्याच्या तोंडाशीं गेला, आणि तेथून मागें फिरून कडांनीं परत आमच्याच तोंडावर आला.

दोष पंख्याचा नव्हता. पंख्याच्या अंगीं दोन गुण असतात: किती वारा नेतो हा एक, आणि अडथळ्यांतून किती जोरानें ढकलतो हा दुसरा. या दाबाचें मान फेऱ्यांच्या वर्गावर आणि व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतें. २५०० चे ७४० फेरे केले, व्यास दीडपट केला, तर वारा तितकाच राहतो पण दाब एक-पंचमांश उरतो. लहान पंखा किंचाळत कां होईना, अरुंद फटींतून वारा कोंबीत होता. मोठा पंखा शांत खरा, पण त्याला वाट मोकळी लागते. आमच्या पिंजऱ्याच्या तोंडाला जो पत्रा होता त्याला नुसतीं बारीक भोंकें पाडलेलीं होतीं. पत्राच जास्त, भोंक कमी. त्यामागें डिस्का एकमेकींना लागून. गांवांत कूलर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. ते हें ऐकून हंसले व म्हणाले, "गुरुजी, कूलरची ताटी खारानें दाट झाली म्हणजे पंखा नुसता घोंगावतो, खोलींत वारा येत नाहीं. तसेंच हें. पंखा बदलूं नका, ताटी बदला." त्यांनीं कोणतेंही गणित न करतां हें सांगितलें, आणि मला पाटी पुसून पुन्हां मांडणी करावी लागली.

वारा तरी किती हवा? पिंजऱ्यांत तीन डिस्का ठेवावयाच्या असें ठरलें; चौथीचें काय केलें तें पुढें सांगतों. तिन्हींची मिळून उष्णता चोवीस वॉट धरली व सेकंदाला दहा लिटर हवा खरोखर त्यांच्या अंगावरून गेली, तर ती हवा दोन-अडीच अंशच ऊन होऊन बाहेर पडेल. दहा लिटर म्हणजे एक लहान बादली. शांत पंख्याला हें जड नाहीं. फक्त ती बादली डिस्कांच्या मधून गेली पाहिजे.

काम मिस्त्रींच्या ओसरीवर एका रविवारीं झालें. पेटी आधीं पूर्ण रिकामी केली. येथें मीं हट्ट धरला व तो योग्य ठरला, कारण पत्रा कापतांना लोखंडाचा जो कीस उडतो त्याचा एक कण जरी आंतल्या विजेच्या पाटीवर राहिला तरी सगळें यंत्र जळावयाचें. पिंजरा पेटीला रिव्हेटांनीं जखडलेला होता. ते ड्रिलनें उडविले आणि पिंजरा तीस मिलिमीटर मागें सरकविला, कारण नव्या पंख्याची जाडी पंचवीस मिलिमीटर आणि त्यापुढें थोडा मोकळेपणा हवा. मागें सरकवितांना डिस्कांच्या तारा आंतल्या पाटीला टेकतात कीं काय हें आम्हीं पुठ्ठ्याची खोटी डिस्क करून आधीं पाहिलें होतें. नसतें पाहिलें तर दोन बोटांनीं गाडी अडली असती. भोंकांचा पत्रा कात्रीनें सबंध कापून काढला व पिंजऱ्याचें तोंड सताड उघडें केलें. मग पेटीच्या दर्शनी पत्र्याला १२० मिलिमीटरांचें गोल भोंक. लहान पंख्याच्या स्क्रूंमधील अंतर ७१.५ मिलिमीटर असतें, मोठ्याच्या १०५. तेव्हां जुनीं भोंकें निरुपयोगी. नवीं पाडतांना माझ्याकडून खूण दोन मिलिमीटर सरकली, पातें कडेला घासून कर्रकर्र करूं लागलें, आणि शाळेंत चाळीस वर्षें मुलांच्या भूमितीच्या वह्या तपासलेल्या माणसाला मिस्त्रींच्या पोरासमोर कानस घेऊन बसावें लागलें.

पिंजऱ्याच्या बाजूंना नवीं भोंकें पाडून तीन डिस्का अशा बसविल्या कीं दोहोंमध्यें पंधरा मिलिमीटर मोकळे राहिले. एकेक डिस्क सव्वीस मिलिमीटर उंच. तिन्हींची उंची व दोन फटी मिळून एकशेंआठ होतात, म्हणजे सगळ्या १२० च्या वाऱ्यांत आल्या. पिंजरा आणि पंखा यांमधली जी फट उरली ती सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनें चहूंबाजूंनीं बंद केली, नाहींतर वारा सोपी वाट शोधून बाहेर पळतो. पुढच्या जाळीविषयीं एक सूचना करतों, कारण ती आम्हांला उशिरां कळली: जाळी पात्यांना चिकटून बसवूं नये. बोटभर अंतर ठेवावें. चिकटून बसविली कीं जाळीचा प्रत्येक तार पात्याला अडखळवितो व मोठा पंखाही शिट्टी घालूं लागतो. जाळी फार बारीकही नको. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत धूळ इतकी कीं मच्छरदाणीच्या कापडाएवढी विणसुद्धां तीन आठवड्यांत बुजते. ती दर अमावास्येला झटकण्याचें काम माझ्याकडे आहे.

पुन्हां उदबत्ती लावली. या वेळीं धूर पंख्यांत शिरला तो डिस्कांच्या मधून तीन रेघांनीं मागें निघून गेला. भावजय स्वयंपाक टाकून पाहावयास आली. अण्णांनीं खाटेवरूनच विचारलें, "गेला का?" "गेला, अण्णा."

राहतां राहिला थरकांप. आवाज व थरकांप हीं सख्खीं भावंडें आहेत, आणि डिस्क थरकांपाला फार भिते. २००८ च्या अखेरीस अमेरिकेंतील ब्रेंडन ग्रेग नांवाच्या अभियंत्यानें चालू डिस्कांच्या कपाटाजवळ तोंड नेऊन मोठ्यानें ओरडून दाखविलें. त्या क्षणीं डिस्कांचें काम मंदावल्याचें पडद्यावर स्पष्ट दिसलें. ओरडण्यानें यंत्र दचकतें हें ऐकून आमच्या घरांतल्या लहान मुलांना अत्यानंद झाला, व त्यांना पेटीपासून दूर ठेवण्याचा नवा प्रश्न उभा राहिला. याहून गंभीर प्रसंग २०१६ च्या सप्टेंबरांत रुमानियांत बुखारेस्ट येथें घडला. आयएनजी बँकेच्या संगणकगृहांत आग विझविण्याच्या वायूची चांचणी घेतली. वायु सुटतांना जो प्रचंड आवाज झाला त्यानें बऱ्याच डिस्का निकामी झाल्या, आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास बंद पडले. म्हणून पंखा स्क्रूंनीं न जखडतां मऊ सिलिकॉनच्या खुंट्यांवर बसविला. तो आपल्या ठिकाणीं किंचित हलतो, पण पत्र्याला हलवीत नाहीं.

पंखा आतां मिनिटाला नऊशें फेऱ्यांवर चालतो. डिस्का ४८ अंशांच्या वर गेल्या कीं संगणक स्वतःच तो तेराशेंपर्यंत नेतो. पूर्वीं लोक बारा व्होल्टांच्या पंख्याला सात व्होल्ट देऊन त्याचा वेग बांधून टाकीत. तीही युक्ति चालते, परंतु बांधलेल्या वेगाला नवतपा कळत नाहीं, आणि कांहीं पंखे इतक्या कमी विजेवर सुरूच होत नाहींत. न फिरणारा पंखा अगदीं शांत असतो; त्या शांततेचा अनुभव मीं घेतलेला आहे.

पुतण्याच्या एका मित्रानें विचारलें कीं एवढा खटाटोप कशाला, आतां न फिरणाऱ्या एसएसडी डिस्का मिळतात, त्यांना आवाज नाहीं. खरें आहे. संगणक चालू करण्यासाठीं आम्हीं तशी एक लहान घेतलीही. पण पोथ्यांचीं छायाचित्रें मावतील एवढी मोठी घेऊं गेल्यास अजूनही फिरत्या डिस्केच्या कित्येक पट दाम पडतो. आणि तीही मरते. फक्त टक् टक् न करतां मरते. आमची चौथी डिस्क नागपुरास माझ्या पुतणीच्या कपाटांत आहे. दर तीन महिन्यांनीं कोणीतरी जाणारा-येणारा ती आणतो, तिच्यावर नवी प्रत उतरते, व ती परत जाते. आईच्या पांच कॅसेटी आतां तीन ठिकाणीं आहेत.

पुढचा नवतपा आला तेव्हां माजघरांत दुपारीं ४० अंश असतांना डिस्का ४७ वर राहिल्या. लहान पंखा किंचाळत होता तेव्हांही त्या साधारण इतक्याच असत. अण्णांची खाट पेटीपासून चार हातांवर आहे. पंखा चालू आहे कीं बंद हें त्यांना कळत नसे, म्हणून ते निजण्यापूर्वीं हात लांब करून पेटीच्या मागें धरीत, वारा लागला कीं "आहे" म्हणत, आणि मग कुशीवर वळत. हें त्यांनीं रोज केलें. मला त्याविषयीं ते कधीं कांहीं बोलले नाहींत.

एक गाऱ्हाणें मात्र उरलें. पंखा बदलल्यावर तिसऱ्याच रात्रीं दोन वाजतां अण्णांनीं हांक मारली, "अरे, पेटींत उंदीर शिरला आहे. काहींतरी कुरतडतो आहे." आम्ही सगळे उठलों, दिवा लावला, पेटी उघडली. उंदीर नव्हता. पुतण्यानें रात्रीं दोनची वेळ लावून ठेवली होती त्याप्रमाणें एका डिस्केवरून दुसरीवर प्रत उतरत होती, आणि सुई पुढें-मागें धांवतांना कुरकुर करीत होती. ती पहिल्यापासूनच करीत असावी. इतकीं वर्षें ती लहान पंख्याच्या आवाजाखालीं बुडालेली होती. पुतण्यानें डिस्कांखालीं रबराच्या चकत्या घातल्या, आणि प्रत उतरविण्याची वेळ सकाळीं अण्णा पूजेला बसतात तेव्हांची केली. कुरकुर थांबली. अण्णांची समजूत मात्र शेवटपर्यंत पटली नाहीं, आणि भावजयीला सांगून त्यांनीं पेटीशेजारीं जो उंदरांचा सांपळा ठेवविला तो अजून तेथेंच आहे.